मागं न जाणारी मोटार

दाजी, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि तुमची मोटार बघायला माणसं यायला लागली आहेत. कुणी हुमनाबादेहून येतं, कुणी बिदरहून. चाकाला लाथ मारून बघतात, लांब नाकावरून हात फिरवतात, आत बसून बघतात आणि मग मला विचारतात, काय घेणार. गेल्या वर्षापर्यंत पेट्रोल मिळत नाही म्हणून ही मोटार कुणी फुकटसुद्धा नेली नसती. आता सरहद्दीवरची माणसं इकडची तिकडं चाललीत, निजामाच्या राज्याचं पुढं काय होणार ते कुणाला सांगता येत नाही, आणि पळू शकणाऱ्या प्रत्येक वस्तूला भाव आलाय. मी आलेल्याला पहिल्यांदा एकच सांगतो, ही मोटार मागं जात नाही. त्याला वाटतं, मला विकायचीच नाही म्हणून मी खोड काढतोय. तुम्ही असता तर त्याला चहा पाजून तासभर गप्पा मारल्या असत्या, त्याच्या दावणीला जनावरं किती ते काढून घेतलं असतं आणि मोटार न विकताच त्याला खूश करून वाटेला लावलं असतं. मला ते जमत नाही. मी तोंड वाकडं करून उभा राहतो.

विकायची की ठेवायची ते अक्का ठरवेल. मी लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणानं. तुमचं माझं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही मधेच उठून गेलात. मेहुण्याला असं टांगून ठेवून जाणं बरं नव्हे.

मी खटकचिंचोळीहून चिटगुप्प्याला आलो तेव्हा मला ओठावर मिसरूडही धड नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, संसार तुमच्याशी नुकताच सुरू झाला होता. तुमच्या अडतीवर चार महिने बसून व्यवहार शिकावा आणि गावी परत जावं, असं आमच्या वडिलांनी ठरवलं होतं. ते परत जाणं राहूनच गेलं. तुमच्याशी वाद घालायची चटक लागली. तुरीचा भाव, गूळ कुठला चांगला, कानडी गोड की मराठी गोड, कशावरूनही आपण भांडायचो, आणि अक्का आतून म्हणायची, दोघांना एकाच ताटात वाढते म्हणजे तोंडं बंद होतील. मी हरलो की तुम्ही मला पान लावून द्यायचात. त्या पानांनी माझे दात लाल झाले, म्हणजे मी किती वेळा हरलो ते आलंच.

तुमचा पाय. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, आज लिहितो. लहानपणी ताप आला आणि उतरताना एक पाय घेऊन गेला. गुडघ्यात तो वाकायचाच नाही. गादीवर बसताना तुम्ही तो समोर लांब करून ठेवायचात आणि त्यावर पंचा टाकायचात. बाजारात चन्नप्पा नावाचे तिघे होते. एक तेली चन्नप्पा, एक गोरा चन्नप्पा आणि तुम्ही लंगडा चन्नप्पा. कुणाच्या मनात वाईट नसायचं. गाडीवानसुद्धा पोती उतरवताना खुशाल विचारायचे, लंगड्या अप्पांची अडत हीच का, आणि तुम्ही गादीवरून म्हणायचात, व्हय, ये आत.

मग कारहुणवी यायची. आपल्याकडे जन्मलेल्याला ती सांगावी लागत नाही, पण हे कागद उद्या कुणाच्या हाती पडले तर त्यालाही कळावं म्हणून लिहितो. ज्येष्ठातल्या पुनवेला आपल्याकडे बैलांचा सण. शिंगं रंगवायची, अंगावर झूल घालायची आणि तिसऱ्या प्रहरी सगळी बैलं वेशीबाहेरच्या माळावर गोळा करायची. वेशीत आंब्याच्या आणि लिंबाच्या पाल्याचं तोरण आडवं बांधलेलं. हलगी वाजली की बैलं सुटतात, प्रत्येकाच्या कासऱ्याला धरून त्या त्या घरचा माणूस पळतो, आणि जो बैल तोरण पहिल्यांदा तोडील त्याच्या रंगावरून वर्षाचं पीक ठरतं. पांढरा आला तर ज्वारी, तांबडा आला तर तूर. आपण व्यापारी लोक असल्या गोष्टींवर विश्वास नाही म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी भाव त्यावरूनच बोलतो.

तुमच्या घरचा बैल दरवर्षी पळायचा. कासऱ्याला मात्र सालगडी असायचा. तुम्ही वेशीशेजारच्या दगडी कट्ट्यावर पाय लांब करून बसायचात, सगळ्यांना नावानं हाका मारायचात, हसायचात. सगळी बैलं, सगळी माणसं, पोरं आणि शेवटी कुत्रीसुद्धा आत गेली की सावकाश उतरून त्या तुडवलेल्या पाल्यावरून चालत घरी यायचात. मी तुमच्याबरोबर असायचो. मला वाटायचं, तुम्हाला गर्दी आवडत नाही.

मंदीचे दिवस होते. कापसाचा भाव पडला तसा जहागीरदारांचा वसूल पडला, आणि बऱ्या दिवसांत मुंबईहून हौसेनं आणलेल्या मोटारी एकेका वाड्यातून हळूच बाहेर पडू लागल्या. उघड कुणी विकत नव्हतं. कुणाचा तरी साडू यायचा, पान खायचा आणि जाता जाता म्हणायचा, आमच्या साहेबांकडं एक आहे, पडून आहे. भाव आज एक, उद्या त्याहून खाली. तेवढ्यात विलायतेत लढाई होणार अशी बोलवा उठली आणि तेच साडू म्हणायला लागले, थांबा, साहेब विचार करतायत. तुम्ही तुरीचा बाजार ओळखणारे, पण या बाजारात तुमचीही बोटं चाचपडत होती. मी म्हणायचो, अजून पडेल, थांबू. तुम्ही म्हणायचात, पडंल तवर पेट्रोल संपंल.

मोटार घ्यायची एवढं ठरलं होतं. कुठली, यावर आपलं जुंपलं. मला पाहिजे होती ती मैलूरची. आठवते का? बिदरला मैलुरात त्या निवृत्त अंमलदारांच्या अंगणात उभी होती. काळीभोर, चार दारांची, वर टप, आत गुबगुबीत बैठक. लग्नाला भाड्यानं देता आली असती, अक्काला मागं नीट बसता आलं असतं, आणि उद्या विकायची म्हटली तर दहा गिऱ्हाइकं आली असती. असल्या मोटारीचा भाव पडला तरी तळाला जात नाही, हे मी तुम्हाला तुमच्याच शब्दांत समजावलं. तुम्ही आत चढून बसलात. ती बैठक खुर्चीसारखी उंच. तुमचा पाय समोरच्या फळीला अडकला. तुम्ही तो हातानं उचलून तिरका करून बघितलात, सरकून बघितलात, मग गादीच्या कापडाची तोंडभर तारीफ करत खाली उतरलात. अंमलदारांना आदाब केलात आणि बाहेर आल्यावर मला म्हणालात, इंजिनाचा आवाज बसल्यागत वाटतोय. मी घरी पोचेपर्यंत तुमच्याशी इंजिनावरून भांडलो. इंजिन सोन्यासारखं होतं दाजी, आणि ते तुम्हालाही ठाऊक होतं.

गुलबर्ग्याची दुसरी मोटार बघितली तेव्हा मला हसू आवरेना. जहागीरदारांच्या धाकट्या चिरंजिवांनी शर्यती लावायला मागवलेली. दोनच माणसांची, डोक्यावर टप नाही, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, नाक हे एवढं लांब, आणि रंग हिरवागार. मी म्हणालो, यात एक पोतं मावणार नाही. तुम्ही ऐकलं न ऐकलंसं केलंत. त्या दिवशी तुम्ही तिला चालूसुद्धा करू दिली नाहीत. उद्या उजाडता येतो, तोवर हात लावू नका, असं ड्रायव्हरला बजावून आपण ओळखीच्या घरी मुक्काम केला.

सकाळी तुम्ही तिच्या नाकावर तळहात ठेवून ती गार आहे याची खात्री केलीत. बैल घ्यायचा तर तो रात्रभर बसून सकाळी कसा उठतो ते बघायचं, चालून गरम झालेला कुठलाही बैल चांगलाच दिसतो, हे तुमचं ठरलेलं. ती पहिल्या झटक्याला उठली तेव्हा तुम्ही मान हलवलीत. चाकं खुरांसारखी चारी बाजूंनी तपासलीत, आतून झिजलीत की बाहेरून. उकिडवं बसता येत नव्हतं म्हणून धुतलेल्या धोतरासकट सरळ जमिनीवर आडवे झालात आणि पोटाखाली बघितलंत, काही गळतंय का. तिला काय पाजता, किती पाजता, आजवर कुणाकुणाच्या हाताखाली होती, सगळं विचारलंत. ड्रायव्हर बिचारा जावयाची चौकशी चालल्यासारखा उत्तरं देत होता. तिला चढावर पळवलीत, उतारावर सोडलीत, अचानक थांबवलीत. मग त्याला उठवून तुम्ही स्वतः आत शिरलात.

त्या मोटारीत माणूस जवळजवळ निजल्यासारखा बसतो. पाय समोर लांब. तुमचा पाय त्या बोगद्यात सरळ गेला आणि क्लचवर जाऊन बसला. गुडघा वाकायची गरजच नव्हती, कमरेनं रेटलं की झालं. तुम्ही एकदा दाबलंत, सोडलंत, परत दाबलंत. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. मग मी वादाला आणलेले सगळे मुद्दे गिळून टाकले, आणि तुमच्यापुढं मी असं फार वेळा केलेलं नाही.

परत येताना हुमनाबादला प्रवाशांची सर्व्हिस मोटार बिघडून उभी राहिली आणि आपण लिंबाखाली बसलो. मी विचारलं, पण एवढी पळणारी कामून पाहिजे? आपल्याला कुठं शर्यती लावायच्यात. तुम्ही पायावरची धूळ झटकलीत. मग म्हणालात, "मी त्या वेशीतनं लई डाव गेलोय. समदे गेल्यावर. एक डाव पयलं जायचंय."

एवढंच. त्यानंतर तुम्ही तुरीवर बोलायला लागलात आणि मीही तुरीवर बोललो. पण त्या दिवसापासून ती मोटार माझीही झाली.

महिनाभरानं तुम्ही ती स्वतः चालवत आणलीत. त्या ड्रायव्हरनं तुम्हाला गुलबर्ग्याच्या मैदानावर शिकवलं होतं, गोल गोल फिरवून. अडतीपुढं अख्खा बाजार जमला. अक्कानं चाकांवर पाणी घातलं, ओवाळलं आणि म्हणाली, घ्या, फिरवा, पण मला तीत बसा म्हणू नका. मग मोटार शेडमध्ये लावायची म्हणून तुम्ही ती मागं घ्यायला गेलात. खालून नुसती खरखर. परत गेर टाकलात, परत खरखर. पुढं मात्र हूं म्हटलं की निघत होती. मागं काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत गुलबर्ग्याला गेलो आणि त्या ड्रायव्हरला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "पीछे का तुम पूछेच नै, सेठ." मी ते येऊन तुम्हाला सांगितलं. वाटलं होतं तुम्ही चिडाल. तुम्ही गादीवर उताणे पडून हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "खरंच की," म्हणालात, "बैल घेताना मागं चालवून कोण बघतंय?" सबंध चिटगुप्प्यात, सबंध बाजारात ही चूक प्रत्येकानं केली असती, यावर त्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं. आपल्यात एकमत झालेली ती बहुधा एकच गोष्ट. मोडका भाग विलायतेहून यायचा होता. लढाई लागली आणि तो काही आला नाही. तुम्ही शेडची मागची भिंत पाडून तिथंही दार केलंत. एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर. मागं जायचा प्रश्न मिटला.

आता मुद्द्यावर येतो.

कारहुणवीच्या आधी आठ दिवस तुम्ही वेशीतून मोटार न्यायची परवानगी मागायला मालीपाटलांकडं गेलात. मालीपाटील म्हणजे गावचा अधिकार, शिवाय त्यांचा पांढरा बैल दोन वर्षं तोरण तोडत आलेला. तुमचे ते पोरपणापासूनचे जोडीदार, पण वेशीच्या बाबतीत त्यांच्याकडं मैत्री चालायची नाही. त्यांनी सांगितलं, सगळी बैलं आत गेल्यावर मोटार आण, एक जरी बैल बाहेर असला तरी ती सुरू करायची नाही. तुम्ही म्हणालात, बरं. मला वाटलं होतं तुम्ही हट्ट धराल. नुसतं बरं म्हणून उठून आलात. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

त्या दिवशी आपण लवकर निघालो. दुसऱ्या रस्त्यानं वळसा घालून बाहेरच्या माळावर आलो आणि तुम्ही मोटार नेऊन उभी केलीत ती वेशीकडं जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी. दोन्हीकडं दगडी गडगे, मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट, समोर वेस, वेशीत तोरण. मी म्हणालो, दाजी, बैलं इथूनच येणार. तुम्ही म्हणालात, हलगीला अवकाश हाय, जरा सावली हाय इथं. सावली होती, नाही म्हणत नाही.

बैलं माळावर जमली. मालीपाटलांनी लांबून मोटार बघितली आणि ओरडले, मागं घे. तुम्ही मान वळवून म्हणालात, मागं जात न्हाई. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, फक्त त्या घटकेला कुणाच्या ध्यानात नव्हतं. दहा-बारा गडी ढकलायला धावले. आरडाओरडा झाला. हलगीवाल्याला वाटलं, इशारा झाला. त्यानं हलगीवर टिपरी मारली आणि माळावरची बैलं सुटली.

ढकलायला आलेले गडी गडग्यांवर चढले. मी मागं बघितलं, नुसती रंगवलेली शिंगं आणि धूळ. तुम्ही मागं बघितलंत, मग माझ्याकडं. "धर," म्हणालात. कुठं धरू ते विचारायच्या आत मोटार निघाली होती. मला एवढंच आठवतं की तोरण कपाळाला लागलं, तोंडात लिंबाचा पाला गेला आणि तो कडू लागला. तुम्ही महादेवाच्या देवळापर्यंत थांबला नाहीत. वेशीशेजारच्या कट्ट्यावर बायका-पोरं दाटीनं उभी होती. त्यांच्यासमोरून जाताना तुम्ही त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाहीत, आणि मला माहीत आहे की तो कट्टा कुठला होता. तुमची मान अशी ताठ मी लग्नाच्या फोटोतही बघितलेली नाही.

दाजी, आपलं भांडण इथलं आहे. तुम्ही ती मोटार तिथं मुद्दाम उभी केली होती की नाही?

मी दरवर्षी विचारलं. एका वर्षी म्हणालात, सावली होती. एका वर्षी, अडत्याला कुठं थांबायचं ते कळतंय. एकदा म्हणालात, तुझ्या अक्काला विचार, आणि अक्का म्हणाली, मला काय ठाऊक, मी पुरणपोळ्या करायलेली. या हिवाळ्यात अंथरुणाला खिळला होता तेव्हा मी शेवटचं विचारलं. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, पाणी दे. मी पाणी दिलं. तुम्ही पाणी पिऊन झोपलात, आणि झोपेत तुमच्या मिशा हलत होत्या असं मला आजही वाटतं.

त्या दिवशी मालीपाटील फार तापले होते. तोरण तुटलं ते बैलानं नाही, हे अपशकुनी, वगैरे. तुम्ही मोटारीतून न उठताच हात जोडलेत, वेशीला पाच नारळ द्यायचं कबूल केलंत. मग पंचायत अशी पडली की आता पीक कुठलं धरायचं. कुणी म्हणे बैलांत पांढरा पुढं होता, ज्वारी धरा. कुणी म्हणे तोरण तुटल्यावर पांढरा आला काय आणि तांबडा आला काय. गाव मालीपाटलांच्या तोंडाकडं बघायला लागलं. त्यांनी मोटारीकडं बघितलं, रागानंच बघितलं, आणि म्हणाले, "पांढरं न्हाई, तांबडं न्हाई. हिरवं आलंय. मूग पेरा."

ते चिडून म्हणाले होते की खरंच म्हणाले होते, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी अडतीवर मुगाच्या बियाण्याला रांग लागली.

तुमचं हसणं तिथं थांबलं. मी तुम्हाला एवढं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. तुम्ही एकेकाला समजावत होता, अरे ती मोटार हाय, तिला रंग दिल्याला हाय, उद्या तांबडा दिला तर काय करशील. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, वेशीतनं पयलं आलं ते आलं, अप्पा. मूग म्हणजे लहरी पीक. शेंगा तोडायच्या आठवड्यात पाऊस लागला की झाडावरच कोंब फुटतात, सगळं मातीमोल. रात्री जेवताना तुम्ही अक्काला म्हणालात, माझ्या हौसेपायी गाव मूग पेरायलंय. आणि मग ओढ्याकाठचं ज्वारीचं रान, घरातलं सगळ्यात चांगलं रान, तुम्ही मुगाला देऊन टाकलंत. गाव बुडालं तर आपणही त्यांच्याबरोबर बुडालेलं बरं, असं म्हणालात. त्यावर मी वाद घातला नाही. मला तुमचा अभिमान वाटला होता, आणि ते तेव्हा बोलायचं सोडून मी ताक मागितलं.

त्या वर्षी पावसानं तोडणीला नेमकी उघडीप दिली. मूग काही अचाट झाला नाही, पण बरा झाला. लढाईच्या बोलव्यानं डाळींना उठाव होता, हैदराबादचे व्यापारी दारात येऊन माल उचलत होते. ज्वारीनं याहून बरं दिलं असतं असं म्हणणारे निघालेच, मी त्यांतला एक. पण कुणाच्या घरी चूल विझली नाही, आणि मालीपाटील स्वतः मुगाच्या डाळीची खिचडी खाऊन गेले. गाड्या घेऊन येणारे लोक विचारायला लागले, मोटारअप्पांची अडत हीच का. तुम्ही गादीवरून म्हणायचात, व्हय, ये आत. आवाज तोच, पण मला त्यात फरक कळायचा.

पुढची वर्षं मोटारीची कमी आणि शेडचीच जास्त गेली. पेट्रोलला कूपन आलं. मोटारींना कोळशाच्या भट्ट्या बसवून लोक चालवायला लागले, तशा मोटारींचे भाव चढले आणि आपली कवडीमोल झाली. मी एकदा म्हणालो, मैलूरची घेतली असती तर तिला भट्टी लावता आली असती. तुम्ही वाद संपायच्या आतच मला हरलेल्याचं पान दिलंत, म्हणजे त्या वेळी मी जिंकत आलो होतो. वर्षभराचं कूपन वाचवून तुम्ही ती कारहुणवीला तेवढी बाहेर काढायचात, सगळी बैलं गेल्यावर, अगदी शेवटी, सावकाश. मला नवल वाटायचं. आता शेवटून जायला तुम्हाला काहीच वाटत नव्हतं. आणि एक दिवस अक्का, मला बसा म्हणू नका म्हणणारी, डोक्यावरचा पदर दातात धरून तुमच्या शेजारी बसली. कुठं गेला होता ते दोघांनीही सांगितलं नाही. येताना तिच्या केसांत धूळ होती आणि ती दिवसभर गुणगुणत होती.

मी तुम्हाला किती सुखात बघितलं, हे आता मोजत बसलोय. तुमच्याबरोबर भांडून माझी वर्षं चांगली गेली, दाजी. हे एकदा तरी तोंडावर म्हणायला पाहिजे होतं. पण आपल्यात ती रीत नव्हती, आणि मी म्हणालो असतो तर तुम्ही विचारलं असतं, काय पाहिजे तुला.

शेवटच्या दिवसाचं सांगतो, कारण ते तुम्हाला कुणी सांगणार नाही.

पहाटे तुम्ही गेलात. दिवस बरे नाहीत, बरीच घरं कुलूप लावून सरहद्दीपलीकडं गेलेली, त्यामुळं खोलीत आम्ही चार-पाचच माणसं होतो. मठातले स्वामी आले. आपल्या लिंगायतांत माणसाला आडवा नेत नाहीत, मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात आणि बसल्या बसल्याच नेतात. अंग ताठ व्हायच्या आत पाय दुमडायला पाहिजेत. स्वामींनी विचारलं, यांचा एक पाय दुमडायचा नाही ना, तो कुठला, म्हणजे आधी तो नीट धरू. तुमच्यावर गळ्यापर्यंत शाल होती.

मालीपाटील म्हणाले, उजवा. शेजारचे विरूपाक्षप्पा म्हणाले, छे, डावा. मालीपाटील म्हणाले, मी पोरपणापासनं बघायलोय, मला सांगतोस? उजवाच. विरूपाक्षप्पा म्हणाले, रोज समोर गादीवर बसायचे, मी आंधळा हाय का? दोघांचे आवाज चढले. तिसऱ्याला विचारलं तर तो बिचारा डोळे मिटून आठवत राहिला आणि शेवटी म्हणाला, मला ते मोटारीत बसलेलेच दिसायलेत.

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात अक्कानं माझा हात धरला. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण तोंडावर हसू होतं. ती माझ्या कानाशी म्हणाली,

"सांगू नगंस. भांडू दे त्येनला जरा. ह्येनला ऐकू दे."